बाप्तिस्म्याला किती घागरी

मद्रासला मिशनरी म्हणून वर्षभर राहून आलेल्या माणसाला नगरमध्ये लोक दोनच प्रश्न विचारतात. पोक्त मंडळी विचारतात, किती जणांना प्रभूकडे आणलंस. बाकीचे विचारतात, रोज इडली खाऊन कंटाळा आला नाही का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही आला. पहिल्याचं उत्तर द्यायला मला जरा वेळ लागतो आणि तोवर विचारणाऱ्याचा चहा गार होतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आमच्याकडे पाळकाची दीक्षा मिळण्याआधी कुठेतरी वर्षभर सेवा करून दाखवावी लागते. माझ्याबरोबरच्या पोरांना राहुरी, नेवासं, श्रीरामपूर अशी घरी जेवायला येण्याजोगी गावं मिळाली. मला मद्रास मिळालं. नेमणुका करणाऱ्या समितीतल्या कुणाच्या तरी वाचनात आलं होतं, की तंजावरच्या मराठी राजांबरोबर गेलेली हजारो कुटुंबं आता मद्रासला नोकऱ्या करतात, अजून मराठी बोलतात, आणि त्यांना मराठीतून शुभवर्तमान सांगायला आजवर कुणी गेलेलं नाही. आजवर कुणी का गेलं नाही, हा प्रश्न समितीला पडला नाही.

माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर आणि आमच्या भागातले नावाजलेले ख्रिस्ती कीर्तनकार. ते स्टेशनवर डोळे पुसत उभे राहिले. मुलगा पाळक झालेला पाहायचा, एवढीच त्यांची आता इच्छा उरली होती आणि ती ते दर रविवारी भर उपासनेत सांगत. समितीचे प्रमुख रेव्हरंड कदम मात्र मोकळेपणाने म्हणाले, "परदेशच समज. भाषा नाही, भाकरी नाही, थंडी नाही. चार माणसं प्रभूकडे आणलीस तर दीक्षा ठरलेली. नाहीतर मास्तरकी आहेच."

मास्तरकीत वाईट काही नाही. पण मला पाळकच व्हायचं होतं.

मैलापूर

मला खोली मिळाली ती मैलापुरात, स्वामिनाथ राव नावाच्या निवृत्त कारकुनांच्या गच्चीवर. राव सत्तरीचे, काटकुळे, कमरेला पांढरी वेष्टी, अंगात काही नाही आणि कपाळावर ठसठशीत गंध. मी दारात उभा राहून आमच्या रीतीप्रमाणे "सलाम" म्हणालो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तूं पादरी कां?"

"हो."

"आमच्या लोकांस ख्रिस्ती कराला आलास?"

आता काय लपवायचं. मी पुन्हा हो म्हणालो आणि पिशवी उचलायच्या तयारीत राहिलो.

"सरि, असूं दे," राव म्हणाले. "अंडें खातोस कां?"

मी थोडा घुटमळलो.

"धर्म कोणताही असूं दे, अप्पा. अंडें घरांत येतां उपयोगी नाहीं. येशील तर आंत ये, कॉफी निवते."

अशी माझी परीक्षा पार पडली. तुमचे देव तीन कसे, असले वाद कसे खोडायचे ते सेमिनरीत शिकवलं होतं. अंड्यावर एक धडा नव्हता. रावांची पत्नी कावेरी अम्मा यांनी माझ्यापुढे पितळी वाटी आणि तिच्यात उपडा घातलेला पेला ठेवला. कॉफी एकातून दुसऱ्यात उंचावरून ओतायची असते हे मला ठाऊक नव्हतं. मी वाटीतूनच चहासारखी भुरकली. अम्मांनी तोंडाला पदर लावला, आणि पुढचे आठ दिवस शेजारपाजारच्या बायका नवा पाहुणा कॉफी कशी पितो ते बघायला येत राहिल्या.

त्यांची मराठी ऐकणं हा एक निराळाच प्रवास होता. शब्द आपल्या जुन्या पोथ्यांतले आणि चाल सगळी तमिळ. वाक्य आपल्यासारखं निघायचं आणि शेवटाला मान डोलावून भलत्याच सुरात थांबायचं. त्यांना माझी मराठी ऐकून वाटे, हा सारखा भांडतो का. माझ्या साध्या "पाणी द्या" मध्येही अम्मांना दटावणी ऐकू यायची.

पाणी मागायचीही तेव्हा चोरीच होती. त्या वर्षी पाऊस रुसला होता आणि गल्लीत पहाटे सरकारी पंपापुढे रंगीत प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची. अम्मांची पिवळी घागर रांगेत ओळखीची होती. महिन्याभरात तिच्यामागे उभं राहण्याचं काम माझ्याकडे आलं, आणि मी तमिळचा पहिला धडा तिथे घेतला: रांगेत मध्ये घुसणाऱ्या बाईला काय म्हणावं. तो शब्द मी एकदा उपासनेनंतर एका तमिळ पाळकांना अर्थ विचारण्यासाठी म्हणून दाखवला. त्यांनी सांगितला नाही.

आवडी आणि इतर पीक

सकाळी मी पिशवीत शुभवर्तमानाच्या छोट्या पुस्तिका घेऊन निघायचो. नगरकडे आम्ही दारं बंद होण्याची सवय ठेवतो. लोक हाकलतात, कुत्रं सोडतात, निदान वाद घालतात. मैलापुरातल्या मराठी घरांत असं काही घडेना. दार उघडायचं, चटई पडायची, कॉफी यायची. मी तासभर बोलायचो, ते माना डोलवायचे. पुस्तिका दोन्ही हातांनी घ्यायचे, डोळ्यांना लावायचे आणि आत घेऊन जायचे. मी इतका हरखलो की घरी लिहिलं, इथलं शेत पिकून पिवळं झालंय. पुढे एका घरी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा माझी पुस्तिका दिसली. देव्हाऱ्यात मुरुगनच्या शेजारी ठेवली होती, तिला कुंकू लावलं होतं आणि वर एक मोगऱ्याचं फूल होतं.

"चांगलें पुस्तक आहे म्हणून तुम्ही सांगितलें कीं," घरची बाई म्हणाली. माझा चेहरा का उतरला ते तिला कळेना.

मग मी लोकलने आवडी नावाच्या उपनगरात जाऊ लागलो. तिथल्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आपल्याकडची माणसं होती, नाशिकची, साताऱ्याची, खुद्द नगरची. इथे कॉफी नव्हती, चहा होता, आणि लोक रोखठोक होते. पहिल्याच घरात सातारच्या एका फिटरने माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण तुमच्याकडे ज्वारीचं पीठ आहे का?" माझ्याकडे होतं, आईने दिलेलं. दुसऱ्या खेपेला मी ते नेलं. त्यानंतर आवडीत माझं स्वागत जोरात होऊ लागलं, पण पिशवी उघडली की सगळे पुस्तिकांच्या खाली काय आहे ते पाहायचे.

असे महिने गेले. एकही माणूस माझ्या हाती लागला नव्हता आणि वडिलांची पत्रं येत होती. रात्री गुडघे टेकले की मी प्रभूशी जरा चढ्या आवाजातच बोलायचो. तुझं काम आहे, तूच बघ, म्हणायचो. माझा विश्वास डळमळला होता असं नाही. पण मी या कामाचा माणूस आहे का, ही शंका मात्र गच्चीवर माझ्याबरोबर राहायला आली होती.

शुक्रवार

एका संध्याकाळी गच्चीवर एकटा होतो. घरची आठवण आली म्हणून वडिलांच्या कीर्तनातली उधळ्या पुत्राची गोष्ट साकी-दिंडीत म्हणत बसलो. बापाची मिळकत उधळून डुकरं राखण्याची पाळी आलेला मुलगा घरी परततो, इथवर आलो तोच जिना वाजला. राव धापा टाकत वर आले होते.

"ही साकी. तुला कोण शिकविलें?"

मी सांगितलं.

"आमचे आजोबा म्हणत. तंजावरांत कीर्तनाला अस्के लोक, लहानथोर सगळे बसत. आतां तमिळ भागवतर त्यांच्या कीर्तनांत मध्येंच साकी म्हणतात, अर्थ कळत नाहीं, तरी म्हणतात. आमची पोरें ऐकतात, त्यांसही कळत नाहीं." ते माझ्या चटईवर बसले. "पुन्हा म्हण. दिंडींत तूं एक मात्रा खाल्लीस."

मी पुन्हा म्हणालो. त्यांनी मांडीवर ताल धरला. संपल्यावर ते उठून म्हणाले, "शुक्रवारीं खालीं हॉलांत कर. मी लोकांस सांगतों."

त्या शुक्रवारी हॉल भरला. पुढच्या शुक्रवारी व्हरांडाही भरला. मराठी येणारे आले, न येणारेही आले. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, पायताणांचा ढीग फाटकापर्यंत. मी आंधळ्याला दृष्टी दिल्याची कथा लावली, वादळ शांत केल्याची लावली. लोक डोळे पुसायचे, चुकलेल्या तालाला चुकचुकायचे. शेवटी मी प्रार्थनेला हात जोडले की सारा हॉल एकदम उठून उभा राहायचा. आमच्या गावाकडे प्रार्थनेला लोक बसल्या जागी मान खाली घालतात, निम्मे झोपतात. इथे एवढा आदर पाहून मी प्रार्थना आणखी लांबवायचो. मी रेव्हरंड कदमांना कळवलं: या, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

ते आले. सुटाबुटात सेंट्रलवर उतरले आणि मैलापूरला पोचेपर्यंत घामाने कोटाचा रंग बदलला होता. रावांनी त्यांनाही अंड्याचं विचारलं. रेव्हरंडांनी मला बाजूला घेऊन, हा काही धार्मिक प्रश्न आहे का, अशी चौकशी केली.

शुक्रवारी मी उधळ्या पुत्राचीच कथा लावली. म्हातारा बाप लांबूनच मुलाला ओळखून रस्त्यावर धावत सुटतो, त्या दिंडीला मात्रा पुरी घेतली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा येत होता. रेव्हरंड खुर्चीवरून उठले. त्यांचाही आवाज ओला झाला होता.

"या बापाच्या घरी परत यायचं ज्यांच्या मनात आहे," ते म्हणाले, "ज्यांना आज प्रभूचा स्वीकार करायचा आहे, त्यांनी उभं राहावं."

सगळे उभे राहिले.

सगळे म्हणजे सगळे. राव उभे राहिले, अम्मा उभ्या राहिल्या, मराठीचा गंध नसलेले शेजारचे अय्यर उभे राहिले, कडेवरची मुलंसुद्धा अर्थातच उभी झाली. रेव्हरंड कदमांनी माझा दंड घट्ट धरला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "पोरा," ते पुटपुटले, "सबंध जिल्ह्यात, सबंध आयुष्यात मी हे पाहिलं नाही."

तेवढ्यात अम्मा आतून तबक घेऊन आल्या. त्यावर कापूर पेटलेला होता. त्यांनी आधी मला ओवाळलं, मग रेव्हरंडांना, मग बाजाच्या पेटीला. कुणीतरी घंटा वाजवली. लोकांनी रांगेने येऊन ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले. रावांनी रेव्हरंडांच्या खांद्यावर जरीची शाल घातली, आणि ती सावरायच्या आत त्यांच्या हातात खोबरं घातलेल्या हरभऱ्याच्या उसळीचा द्रोण आला. दहा मिनिटांत हॉल रिकामा झाला. जाणारे म्हणत होते, आजचा पाहुणाही बरा बोलला, थोडक्यात आवरलं.

"राव," मी कसाबसा विचारलं, "तुम्ही सगळे उभे का राहिलात?"

"कीर्तन संपलें कीं मंगलाला उभें राहावेंच कीं," राव म्हणाले. "तुमच्याकडे बसतात कां?"

घागरी

दुसऱ्या दिवशी सकाळी रेव्हरंड आणि मी बाहेरच्या ओट्यावर बसलो होतो. शाल त्यांनी घडी करून मांडीवर ठेवली होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले.

"तुझा दोष नाही. पण समितीला काय सांगू? वर्षभरात एक माणूस नाही. ज्याच्या हाती एक माणूस लागला नाही, त्याच्या हाती मंडळी कशी द्यायची? हे काम बंद करावं लागेल. दीक्षेचं... तुझ्या वडिलांना मी समजावीन."

वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

ओट्यामागची खिडकी उघडी होती. आतून राव आणि अम्मांची कुजबुज ऐकू येऊ लागली, मग भांड्याचा आवाज, मग पुन्हा कुजबुज. थोड्या वेळाने दोघं बाहेर आली. रावांनी अंगावर उपरणं घेतलं होतं, म्हणजे काम महत्त्वाचं होतं.

"मी ऐकिलें," ते रेव्हरंडांना म्हणाले. "एक माणूस पाहिजे ना? मला घ्या."

रेव्हरंडांना कळेना. मला मात्र कळलं.

"माझें वय झालें. पेन्शन सुरू आहे, ती कोणी थांबवणार नाहीं. पोरांचीं लग्नें झालीं. मी ख्रिस्ती झालों तर कोणाचें काय अडतें? या पोराचें काम होतें." त्यांनी अम्मांकडे पाहिलं. "ती सरि म्हणते."

"एकच विचारायचें," अम्मा म्हणाल्या. "बाप्तिस्म्याला किती घागरी लागतात? या दिवसांत पाणी नाहीं. आणि यांस खोकला आहे, ऊन पाणी चालेल कां?"

"घागरी नाही लागत, बाई," रेव्हरंड म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "आमच्यात डोक्यावर ओंजळभर शिंपडतात."

"तेवढेंच?" अम्मांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. "मग आत्तांच करा कीं. कॉफी व्हायच्या आधीं."

"श्राद्ध मात्र मी करीन," राव म्हणाले. "वडिलांचें. तें तुमच्या देवास चालेल म्हणून समजतों."

रेव्हरंड माझ्याकडे वळले. खरं सांगतो, त्यांच्या डोळ्यांत आशा होती. "तू शिकवलंस यांना," ते म्हणाले. "तू सांग. देऊ?"

मला दीक्षा हवी होती. इतकी हवी होती की जिभेवर हो आलं होतं, आणि पुष्कळ चांगली कारणंही त्याच्याबरोबर रांगेने आली होती. एका ओंजळीचा प्रश्न होता.

"राव," मी म्हणालो, "तुमचा प्रभूवर विश्वास आहे का?"

"तुझ्यावर आहे कीं. तूं खोटें सांगणारा पोर नव्हेस."

"माझ्यावर नको."

"मग कोणावर ठेवूं? त्यांस मी पाहिलें नाहीं. तुला पाहिलें आहे."

"हे उत्तर वाईट नाही," रेव्हरंड हळूच म्हणाले.

वाईट नव्हतंच. म्हणून तर मला भीती वाटली. मग मी बोलायला लागलो. सेमिनरीत शिकलेलं सगळं वक्तृत्व, जे वर्षभर कुणावर चाललं नव्हतं, ते मी मैलापुरातल्या एकमेव तयार माणसाला ख्रिस्ती होऊ नका म्हणून पटवण्यात खर्च केलं. हे माझं काम व्हावं म्हणून करायचं नसतं, म्हणालो. हे तुमचं आणि त्याचं आहे. मी मध्ये उभा राहिलो तर तो तुम्हाला दिसायचा नाही. तुम्ही माझ्यासाठी डोकं पुढे कराल आणि मी पाणी घालीन, तर मी खोटा पाळक होईन, आणि तुम्ही मघाशीच म्हणालात की हा पोरगा खोटं सांगत नाही.

राव ऐकत होते. त्यांनी अंगावरचं उपरणं काढून हातात घेतलं.

"मी स्वतः होऊन द्यायला आलों," ते म्हणाले. "घरच्यानें वाढलेलें पाहुण्यानें नको म्हटलें, तर घरच्यानें काय समजावें?"

ते आत गेले. त्या दिवशी कॉफी अम्मांनी आणून ठेवली आणि न बोलता गेल्या. रेव्हरंडांनी पंचांग पाहावं तसं रेल्वेचं वेळापत्रक पाहिलं आणि म्हणाले, "तिकीट तुझंही काढू."

सेंट्रल

निघायच्या दिवसापर्यंत राव माझ्याशी बोलले नाहीत. रिक्षा दारात आली. अम्मांनी दहीभाताचा डबा रेव्हरंडांच्या हातात दिला. मी आत रावांना सांगायला गेलो. ते खिडकीपाशी बसले होते. मी वाकून पायांना हात लावला. आमच्यात ही रीत नाही, पण मला दुसरं काही सुचलं नाही.

"दार लाव," ते म्हणाले.

मी लावलं.

"सोमवारीं डोळ्याचें ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. डॉक्टर म्हणतो कांहीं नाहीं. हीही म्हणते कांहीं नाहीं." ते थांबले. "मला भय वाटतें. हें हिला सांगूं नकोस."

मी मान हलवली.

"तूं रोज गच्चीवर त्यांच्याशीं बोलतोस. आम्हांस खालीं ऐकूं येतें, तूं मोठ्यानें बोलतोस. आतां माझ्यासाठीं बोल. तुजसाठीं नाहीं, माझ्यासाठीं."

दर शुक्रवारी मी भरल्या हॉलपुढे लांबलचक प्रार्थना केल्या होत्या. त्या खोलीत तसली एकही चालली नसती. मी त्यांचा हात धरला आणि एवढंच म्हणालो: प्रभू, हे भ्यालेत. ऑपरेशनच्या वेळी यांच्याजवळ बस. यांना एकटं सोडू नकोस. आमेन.

राव डोळे मिटून बसले होते. आमेन नंतर थोड्या वेळाने त्यांनी आपल्या मनाने म्हटलं, "तथास्तु." मग डोळे पुसून म्हणाले, "जा. गाडी चुकेल."

गाडीत रेव्हरंड खिडकीशी बसले. अरक्कोणम स्टेशन मागे पडल्यावर ते माझ्याकडे वळले.

"आत एवढा वेळ काय चाललं होतं?"

"प्रार्थना करायला सांगितली त्यांनी."

"तुझ्या दीक्षेसाठी?"

"नाही. स्वतःसाठी."

त्यांनी डबा उघडला. दहीभात सावकाश, लिंबाच्या लोणच्यासकट, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. बाटलीतल्या पाण्याने खिडकीबाहेर हात धुतले, रुमालाला पुसले.

"नगरला पोचलो की घरी जायच्या आधी शिंप्याकडे जा," ते म्हणाले. "दीक्षेचा झगा शिवायला तो फार दिवस लावतो. आणि वर्षभर इडल्या खाऊन तुला कापडही जास्त लागणार आहे."